फ्रिजला कान लावणारा माणूस

भाड्याची खोली बघायला मी त्यांच्या दारात उभी राहिले, तेव्हा ते एका जुन्या लाल फ्रिजला मिठी मारून बसले होते. डोळे मिटलेले, उजवा कान फ्रिजच्या पाठीला. मी "काका" म्हणून हाक मारली. त्यांनी डोळे न उघडताच तळहात वर केला. बऱ्याच वेळानं ते उठले, गुडघे झटकले आणि खुशीत म्हणाले,

"जिवंत हाये! अर्धा वायू अजून आत हाये. बोला, तुम्ही काय आनलं?"

"काही नाही. खोली पाहिजे होती."

"अस्सं. फ्रिज हाये काय तुमच्यापाशी?"

"नाही."

"घेसान तं मले विचारून घेजा. एवढीच अट."

खोली मिळाली. भाडं काय ते काकूंनी सांगितलं, कारण काका परत फ्रिजला चिकटले होते.

मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते. जिल्ह्याचा हवामान आराखडा करणारा एक छोटा प्रकल्प बुलढाण्यात सुरू झाला होता. जिल्ह्यातून कुठून किती वायू हवेत जातो ते शोधायचं आणि तो कमी कसा करायचा ते लिहायचं, असं काम. सुलतानपूरला, आमच्या गावी, माझे बाबा लोकांना सांगत, "पोरगी हवेच्या ऑफिसात हाये." मग लोक मला पाऊस कधी येणार ते विचारत. ऑफिसात मी जपून, पुण्याच्या वळणाचं बोलायची. काकांच्या घरी आठ दिवसांत ते वळण गळून पडलं.

त्यांचं दुकान खालच्या मजल्यावर होतं, रस्त्याकडे तोंड करून. फ्रिज आणि एसी दुरुस्तीचं. लोक त्यांना गॅसकाका म्हणत. बुलढाणा हे थंड हवेचं गाव, असं जुनी माणसं अजूनही छाती फुगवून सांगतात. काका हसायचे. "मी दुकान टाकलं तवा लोक म्हने, इथं फ्रिजवाल्याचं काय काम? आता पाहा. एसी लावाले मले रविवारची सुट्टी भेटत नाई. थंड हवेचं गाव!"

माझ्या खोलीच्या बरोबर खाली, दुकानाच्या मागे, एक बंद खोली होती. पहिल्याच दिवशी काकूंनी मला ती उघडून दाखवली. आत निळे, हिरवे, करडे सिलिंडर भिंतीपर्यंत रांगेत उभे. माझा चेहरा बघून काकू म्हणाल्या, "भिऊ नको माय. हा पेटनारा वायू नाई. पेटनारा मानूस तिकडं दुकानात बसेल हाये."

प्रत्येक सिलिंडरवर खडूनं नावं लिहिलेली होती. 'लायब्ररीचा वॉटर कूलर'. 'डॉक्टरीणबाईंचा जुना एसी'. 'लग्नाच्या हॉलचा, मोठा'. घरच्या फ्रिजमध्ये वायू असतो चिमूटभर, म्हणून एकाच सिलिंडरवर सतरा-अठरा घरांची नावं. काका त्यावर हात ठेवून म्हणायचे, "ह्या टाकीत अख्खी गल्ली कोंडली हाये."

हे सगळं कशासाठी, ते मला त्यांनीच समजावलं. मी पर्यावरणात एमएस्सी करून आले होते, तरी. फ्रिज थंड करतो तो त्याच्या नळ्यांमध्ये फिरणारा वायू. मशीन मोडीत निघालं की मिस्त्री नळी कापतो, फुस्स होतं, वायू निघून जातो. रंग नाही, फारसा वासही नाही, कोणाला काही वाटत नाही. पण वर गेल्यावर त्याचा एक किलो पृथ्वी तापवायला कार्बन डायऑक्साइडच्या हजार किलोंनाही भारी पडतो. काका तो सोडत नसत. दुसऱ्या मशीननं ओढून सिलिंडरमध्ये भरत आणि जपून ठेवत. पुढं त्याचं काय करायचं, याची सोय जिल्ह्यात नव्हती. कधीतरी होईल, म्हणून ते ठेवत होते.

गावातले बाकीचे मिस्त्री त्यांना हसत. कुणी वायू सोडल्याचं कानावर आलं की काका महिनाभर त्याच्यासोबत चहा घेत नसत. चहाच्या टपरीवर दोन मिस्त्री बसलेले असले आणि काका आले, की एक जण हमखास उठून जाई, कारण त्याचा महिना सुरू असे. मोजून तीस दिवसांनी काका स्वतःच त्याच्या दुकानात जात आणि म्हणत, "चाल बे. संपली शिक्षा."

लग्नकार्यात तर काकूंना त्यांची धास्ती. आहेरात फ्रिज दिसला की हे पंगत सोडून त्याच्या पाठीमागे वाकणार, लेबल वाचणार आणि नवरदेवाला बोलावून सांगणार, "नव्या जातीचा वायू हाये यात. वरच्या हवेसाठी चांगला. पन तापट हाये, पेटू शकते. चांगले लोक तापटच अस्तात. नवशिक्याच्या हाती देजो नको." नवरदेव हो हो म्हणे. मागून काकू शालूचा पदर सावरत यायच्या आणि हाताला धरून न्यायच्या.

शेजारचे एक आजोबा वारले तेव्हा कुणी तरी म्हणालं, "गेले बिचारे वर." काका हळूच माझ्या कानाशी, "मानूस वर गेला तं कोनाले त्रास देत नाई. वायू देते." मला अशा जागी हसू आल्याबद्दल मी आजही शरमिंदी आहे.

हा नाद आला कुठून, ते एका संध्याकाळी गच्चीवर कळलं. काकू पापड काढत होत्या, आम्ही दोघं पाटी धरून उभे होतो.

"वीस वर्षं मी सोडला," ते अचानक म्हणाले. "नळी कापली, बोट बाजूले घेतलं, फुस्स. मंग कंपनीनं एका ट्रेनिंगले धाडलं. तिथं एक म्हातारे मास्तर होते. त्यायनं विचारलं, तुमच्यापैकी कोन वायू सोडते? आमी सगळेच हसलो. सगळेच सोडत होतो ना. मास्तर हसले नाई. त्यायनं फळ्यावर गनित मांडलं. मी वापस येतानी बसमधी बसलो अन् मनातच आठवाले लागलो, कोनाचा फ्रिज, कोनाचा एसी. चिखली आली तरी संपे ना."

काकू पापड काढता काढता थांबल्या. "त्या दिवशी घरी येऊन जेवले नाई हे. मले वाटलं, कोनी गेलं का काय."

"वर गेलेला वापस आनता येत नाई," काका म्हणाले. "आता खालचा तरी धरतो."

त्यानंतर मी माझ्या आराखड्याचा कच्चा मसुदा त्यांना वाचायला दिला. मला वाटलं होतं, कौतुक होईल. त्यांनी चष्मा लावून पान न् पान वाचलं. शेती, वाहतूक, वीज, कचरा, वीटभट्ट्या, सगळं. मग कागद नीट जुळवून परत दिले.

"लय चांगलं लिहिलं पोरी. पन यात मी कुठं हाये?"

मी ऑफिसात साहेबांना विचारलं. थंडाव्याच्या वायूंचा एक भाग टाकू या का? साहेब वाईट नव्हते, पण म्हणाले, "वरून आलेल्या नमुन्यात तो रकानाच नाही. आणि पुरावा काय? एका मिस्त्रीची खोली?"

पुरावा उन्हाळ्यात चालून आला.

गावातली एक जुनी टॉकीज कित्येक वर्षं बंद पडली होती. मालकानं ती पाडायला काढली. आत मोठा एसी प्लांट होता, एके काळी त्यासाठीच लोक दुपारचा खेळ बघायला जात. त्याच्या मोटरी आधीच विकल्या गेल्या होत्या. पण वायू साठवायचं लोखंडी पिंप तसंच होतं, आणि त्याच्या चाव्या शेवटच्या दुरुस्तीत काकांनी स्वतःच्या हातानं बंद केल्या होत्या. ते पिंप अजून भरलेलं आहे, हे गावात एकट्या त्यांना माहीत होतं. मालकाला त्यांनी तीनदा सांगून ठेवलं होतं, तोडायच्या आधी मला बोलवा.

कुणी बोलावलं नाही. शनिवारी सकाळी काकू भाजी घ्यायला गेल्या, तर टॉकीजच्या फाटकातून लोखंड कापायच्या सिलिंडरची गाडी आत जाताना दिसली. त्यांनी भाजीवालीच्या फोनवरून घरी फोन लावला. पाचव्या मिनिटाला काकांचा मला फोन.

"पोरी, तुझं ते ऑफिसचं कार्ड गळ्यात घाल अन् टॉकीजपाशी ये. धावत ये."

मी धावत गेले. काका हातगाडीवर आपलं मशीन घेऊन पोचले होते. जुन्या एसीचा कॉम्प्रेसर, पाठीमागे जाळी, एक पंखा, वर दोन काटे असलेलं मीटर, सगळं त्यांनी स्वतः जोडलेलं. मागून काकू दोन रिकामे सिलिंडर रिक्षातून आणत होत्या. फाटकात भंगारवाल्यांचा मुकादम आडवा उभा होता. मोठा अंगापिंडानं, डोक्याला टॉवेल.

त्यानं माझं कार्ड हातात घेऊन वाचलं. "मॅडम, ऑर्डर दाखवा. ऑर्डर असन तं थांबतो."

ऑर्डर नव्हती. असा नियमच माझ्या माहितीत नव्हता, जो दाखवून मी त्या माणसाला थांबवू शकले असते. मी आठ महिने हवामान धोरणावर काम करत होते आणि त्या फाटकात माझ्याकडे दाखवायला एक ओळ नव्हती.

काका पुढे झाले. "ऑर्डर नाई. पन एक सांगतो, ऐकून घे. त्या पिंपाले आग लावली तं हा वायू आगीत विषारी होते. तुझ्या पोरायच्या छातीत जाईन. मी खोटं बोलत असन तं मले इथंच बसव अन् माझ्यासमोर काप."

मुकादमानं आतल्या दोघांकडे बघितलं. कापायची नळी हातात घेतलेला एक जण आपोआप दोन पावलं मागे सरला.

"किती टाइम?"

"दोनपर्यंत."

"दोनले ट्रक भराले लागतो. एक मिनिट वर नाई."

टॉकीजमध्ये वीज नव्हती. काकू समोरच्या पिठाच्या गिरणीत शिरल्या, गिरणीवालीशी काय बोलल्या कोण जाणे, पण रस्त्यावरून वायर आली. मशीन सुरू झालं. पिंपातून वायू ओढला जाऊन आमच्या सिलिंडरमध्ये पडू लागला. काका मीटरवर डोळे लावून, मी लोखंडी वजनकाट्याखाली लटकवलेल्या सिलिंडरचं वजन वाचत, काकू पाईपच्या सांध्यांवर साबणाचा फेस लावून गळती बघत. अर्ध्या तासात पहिला सिलिंडर भरत आला.

मग सिलिंडर तापला. मे महिन्याचं ऊन, मीटरवरचा दाबाचा काटा वर चढायला लागला.

"बर्फ!" काका ओरडले. "बर्फ पाह्यजे, नाई तं बंद करावं लागन!"

तोवर फाटकात चाळीस-पन्नास माणसं जमली होती. त्यांच्यातला गोळेवाला आपली गाडी ढकलत थेट आत आला आणि बर्फाची अख्खी लादी पोत्यासकट टोपल्यात उतरवली. सिलिंडर त्यात बसवला. काटा उतरला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मागून कुणी तरी विचारलं, "काका, खस टाकू का ऑरेंज?"

तिसऱ्या सिलिंडरसाठी काकांचा ज्याच्याशी चहा बंद होता, तोच मिस्त्री घरून स्वतःचा रिकामा सिलिंडर घेऊन आला. काकांनी नुसती नळी त्याच्या हातात दिली, आणि तो कामाला लागला.

एक वाजून गेल्यावर लाइन गेली.

मशीन थांबलं. एकदम शांतता. काका पिंपावर हात ठेवून उभे राहिले आणि मला पहिल्यांदाच ते म्हातारे दिसले. दोनला दहा मिनिटं कमी असतानाही लाइन नव्हती. मुकादम घड्याळ बघत आमच्याकडे आला. मी मध्ये उभी राहिले. पण तो माझ्या बाजूनं पुढे गेला, वाकून मीटरकडे बघितलं.

"अजून किती उरला काका?"

"थोडाच. तळाले."

"काटा कुठं यावा लागते?"

"शून्याच्या खाली."

तो थोडा वेळ त्या काट्याकडे बघत राहिला. मग फोन काढून बाजूला गेला आणि ट्रकवाल्याला म्हणाला, "जेवून घे तू. आरामानं जेव."

लाइन आली ती अडीचच्या पुढे. शेवटचा वायू ओढायला आणखी पाऊण तास गेला. बर्फाच्या टोपल्यात मुकादम स्वतः पाणी ओतत होता. काटा शून्यावर आला, थरथरला, खाली गेला. काकांनी चाव्या बंद केल्या, नळ्या काढल्या, कपाळ पुसलं.

"काप आता."

कापणाऱ्यानं आधी आग न लावता करवतीनं पाईप चिरला. सगळे श्वास धरून ऐकत होते. पाईपचे दोन तुकडे झाले.

काहीही आवाज आला नाही.

आणि त्या काहीच न झालेल्या गोष्टीला पन्नास माणसांनी टाळ्या वाजवल्या! गोळेवाला नाचत होता. काकू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होत्या की रडत होत्या, कळत नव्हतं. मी पुढं कितीतरी परिषदांना गेले, ठराव मंजूर होताना पाहिले, पण तशा टाळ्या कुठे ऐकल्या नाहीत.

सोमवारी मी साहेबांच्या टेबलावर वजनाचा कागद आणि फोटो ठेवले. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "रकाना नसला तर आपण आखू." आराखड्यात चार पानं वाढली. त्या चार पानांमुळे आम्हाला राज्याच्या एका बैठकीचं बोलावणं आलं, आणि मी हट्टानं काकांना सोबत नेलं.

बैठक एका मोठ्या हॉटेलात होती. काका इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, खिशाला पेन. पहिला तासभर त्यांनी मान डोलवत ऐकलं. मग मला दिसलं, त्यांचं लक्ष मंचावर नव्हतंच. ते भिंतीवरच्या एसीकडे बघत होते. मी त्यांचा हात धरायच्या आत ते उठून बाहेर गेले. परत आले ते हात धुवायच्या जागेवरचा साबण आणि ओला रुमाल घेऊन. भाषण चालू असताना त्यांनी खुर्ची ओढली, बूट काढले, वर चढले आणि एसीच्या नळीच्या सांध्याला फेस लावला.

बोलणारे अधिकारी थांबले. सगळ्या माना वळल्या. फेसातून टपोरे बुडबुडे निघत होते, एकामागून एक.

"माफ करा साहेब," काका खुर्चीवरूनच म्हणाले. "सांध्याखाली तेलाचा डाग दिसला, म्हून राहवलं नाई. तुमचं धोरण इथून लीक होऊन राह्यलं."

क्षणभर मला वाटलं, माझी नोकरी गेली. मग अध्यक्षस्थानी बसलेल्या बाई उठल्या, खुर्चीजवळ आल्या, चष्मा सरकवून बुडबुडे बघितले आणि म्हणाल्या, "तुम्ही खाली या आणि माइकवर बोला." काका अर्धा तास बोलले. वऱ्हाडीत. मोजे घालून, बूट खुर्चीखालीच. नंतर त्यांनी हॉटेलच्या मिस्त्रीला बोलावून तो सांधा स्वतःसमोर आवळून घेतला, तेव्हाच जेवायला आले.

त्याच बैठकीतून मला मुंबईत त्या बाईंच्या कार्यालयात नोकरी मिळाली, आणि जे काम मी अजून करते आहे ते सुरू झालं. खोली सोडताना काकूंनी शेवया आणि सांडग्यांचा डबा भरून दिला. काकांनी माझ्या नव्या घरमालकाचा फोन नंबर घेतला. त्याच्या फ्रिजबद्दल विचारायचं होतं.

दोन वर्षांनी सरकारी कार्यालयांसाठी एक परिपत्रक तयार झालं. जुनी थंडाव्याची यंत्रं भंगारात काढायच्या आधी त्यातला वायू काढून जिल्ह्यात नव्यानं होणाऱ्या संकलन केंद्रात जमा करायचा. मसुदा मीच लिहिला होता, वरच्यांनी तो तपासून परत पाठवला होता, दुपारी सही व्हायची होती. मला राहवेना. मी जिन्यात जाऊन काकांना फोन लावला आणि ती ओळ वाचून दाखवली.

"'यंत्र मोडीत काढण्यापूर्वी त्यातील वायू शक्यतो काढून घेण्यात यावा.' काका! झालं आपलं!"

पलीकडे मशीनची घरघर.

"काका?"

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"त्यात तो 'शक्यतो' कोनी घातला?"

मला आठवत होतं, मी घातला नव्हता. तपासताना आला होता. एवढ्याशा शब्दासाठी कशाला, म्हणून मी सोडून दिला होता.

"पोरी, तुही काकू मले रोज सांगते, शक्यतो जेवाले टाइमावर या. तीस वर्षं झाली. मी एक दिवस तरी आलो काय, विचार तिले. तो शब्द काढ. तो राह्यला तं बाकीची ओळ लिहू नको."

मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले. सहीची फाइल आत गेली होती. मी शिपायाला न विचारता दार ढकललं. आत बुडबुडे बघणाऱ्या त्याच बाई होत्या, हातात पेन. मी धापा टाकत म्हटलं, "मॅडम, एक शब्द काढायचा आहे." त्या म्हणाल्या, आता विधी विभागाला परत पाठवावं लागेल, महिना जाईल, चालेल? मी म्हटलं, चालेल. त्यांनी ओळ वाचली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "हे कुणी सुचवलं?" मी सांगितलं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि फाइल माझ्याकडे सरकवली.

महिना नाही, दीड महिना गेला. मी रोज त्या फाइलीमागे टेबलाटेबलावर फिरले. परिपत्रक निघालं तेव्हा त्या ओळीत 'काढून घेण्यात यावा' एवढंच होतं. मी काकांना फोन केला. ओळ वाचली.

"हां," काका म्हणाले. "आता बरोबर हाये."

आणि मग, मी आणखी काही बोलायच्या आत, मागून काकूंचा आवाज आला, काटा चढला म्हणून, आणि काका घाईघाईनं म्हणाले, "ठेव पोरी, ठेव, वायू येऊन राह्यला!"